तांबडा बाण

दादर, मुंबई

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

माझ्या रक्ताच्या अहवालात पीएसएच्या ६.१ या आकड्यापुढचा तांबडा बाण पाहून तू रात्री दोन वाजता फोन केलास, आणि त्या वेळी मला धड काही सांगता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पीएसए हे प्रथिन पुरुषांच्या मूत्राशयाखालची निरोगी प्रोस्टेट ग्रंथीही तयार करते, त्यामुळे ते वाढले म्हणजे ग्रंथीत काहीतरी चालले आहे एवढेच कळते, तो कर्करोगच असे नव्हे. वयाने वाढलेली ग्रंथी, लघवीचा संसर्ग, लघवीसाठी नळी घातलेली असणे, अशा कारणांनीही ते वाढते. एक कबुली देतो : दोन महिन्यांपूर्वी, लघवीला जळजळ होत असतानाच, 'ज्येष्ठांसाठी सवलतीचे पॅकेज' म्हणून केलेल्या तपासणीत ते ९.२ आले होते आणि तुला मी ते कळवले नव्हते. संसर्ग बरा झाल्यावर सहा आठवड्यांनी केलेली तपासणी म्हणजे हे ६.१.

दर मिलिलिटर रक्तात चार नॅनोग्रॅम ही पीएसएची नेहमीची मर्यादा काही लक्ष्मणरेषा नव्हे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात चार किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तेव्हा सुमारे १५ टक्के जणांत कर्करोग आढळला होता. उलट, समोरच्या बिऱ्हाडातले नाना वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइडची गोळी वर्षभर घेत आहेत. तिने पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून त्यांचा तीन हा सहाच धरावा लागतो, हे त्यांना मीच सांगितले.

कर्करोगात रक्तातील पीएसए बहुधा इतर प्रथिनांना अधिक बांधलेला असतो आणि मोकळ्या पीएसएचा वाटा घटतो. तो दहा टक्क्यांखाली गेला तर शंका बळावते, पंचवीसच्या वर असला तर बरीच कमी होते. माझा सतरा आहे, म्हणजे त्रिशंकू. मात्र सोनोग्राफीत ग्रंथी ६२ मिलिलिटर भरली. मोठी ग्रंथी पीएसएही जास्त बनवते, म्हणून आकाराच्या मानाने तो किती हे पाहतात : ६.१ ला ६२ ने भागले की ०.१० च्या आसपास येते, आणि डॉक्टर साधारण ०.१५ च्या पुढे अधिक सावध होतात. त्यामुळे आधी एमआरआय आणि तो पाहून बायोप्सीचा निर्णय, असे ठरले आहे.

तुझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे मी डॉक्टरांना आवर्जून सांगितले, कारण बीआरसीए-२ या जनुकातील दोषाने स्तनाचा आणि प्रोस्टेटचा असे दोन्ही कर्करोग एकाच घराण्यात येऊ शकतात. हा धागा तुझ्यापर्यंतही पोहोचू शकतो, म्हणून निदान काहीही निघाले तरी तुझ्यापासून काही लपवणार नाही.

एमआरआय मंगळवारी परळला आहे, आई सोबत येणार आहे. बंगळूरहून येण्याचे तिकीट तूर्त काढू नकोस.

तुझा,
बाबा