संकेतस्थळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

महोदय,

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचा बगीचा झाडावरच विकण्याची रीत जुनी आहे. व्यापारी येतो, धुऱ्याने चक्कर मारतो, फांद्या वाकवून फळ पाहतो, बुंध्याशी बसून डिंक्या रोग किती लागला आहे ते चाचपतो आणि मगच इसाराची भाषा करतो. वेबसाइटचा सौदाही याच चालीने होतो, हे मला गेल्या वर्षी कळले. त्यात मी जिथे ठेचकाळलो ते इतरांच्या लक्षात यावे, म्हणून हे पत्र.

मी आणि माझा पुतण्या सहा वर्षे संत्रा बागायतीवर मराठी वेबसाइट चालवत होतो. झाडे ताणावर केव्हा सोडावीत, म्हणजे पाणी केव्हा तोडावे, कोळशी रोगावर फवारणी कधी घ्यावी, असे रोजच्या कामाचे लिखाण तीवर असे. जाहिरातींतून खर्च वजा जाता महिन्याला सरासरी ४,००० रुपये सुटत. पुतण्या नोकरीला पुण्याला गेला आणि एकट्याने ते रेटणे मला जमेना, तेव्हा आम्ही ती विकायला काढली. लहान साइटची किंमत सहसा मासिक निव्वळ नफ्याच्या पटीत धरतात. वीस ते चाळीस पट असे बोलले जाते खरे, परंतु जिचे सारे लिखाण एकाच माणसावर अवलंबून आहे, तिला वरची पट मिळण्याची आशा धरू नये. आमचा सौदा २४ पटीवर, म्हणजे ९६,००० रुपयांवर आला.

आणि तिथेच अडला. खरेदीदाराने विचारले, डोमेन, म्हणजे साइटचे इंटरनेटवरचे नाव, कोणाच्या नावावर आहे? आम्ही छातीठोकपणे ‘आमच्या’ म्हणालो. पाहिले तर नोंदणी साइट बनवून देणाऱ्या शहरातल्या गृहस्थाच्या ईमेलवर होती. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे आम्ही त्याला देत होतो आणि तो पावतीवर नुसते ‘वेबसाइट चार्ज’ लिहीत होता. वाहिती आमची, सातबारा त्याचा! फोन उचलणे त्याने बंद केले, मग ‘ट्रान्सफर फी’ मागितली, आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा गुप्त संकेत, हाती येईपर्यंत अडीच महिने गेले. त्यातही डॉट कॉम नाव एका नोंदणी कंपनीतून दुसरीकडे नेले की पुढचे ६० दिवस ते सहसा पुन्हा हलवता येत नाही. तेवढ्यात पहिला खरेदीदार निघून गेला आणि दुसऱ्याने ७८,००० रुपयांच्या वर एक रुपया चढवला नाही.

नाव आपल्याकडे आले म्हणजे सारे आले, असेही नाही. बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखाचा किंवा प्रोग्रामचा हक्क, तसा लेखी करार नसेल तर, सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आमच्या पहिल्या मसुद्यात या दोन्ही गोष्टी सुटल्या होत्या आणि खरेदीदाराच्या वकिलानेच त्या दाखवल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो. कुठून तरी उचललेली फळांची छायाचित्रे आम्ही काढून टाकली आणि बगीच्यात जाऊन मोबाईलवर नवी काढली.

आकड्यांच्या बाबतीत लबाडी टिकत नाही. आमच्या साइटवर मृग बहाराच्या तोंडावर, जूनमध्ये झुंबड असे आणि मधले महिने ओस. नुसता जून दाखवून भाव सांगणे म्हणजे पेटीच्या वरच्या थरात मोठी संत्री लावण्यासारखे आहे. खरेदीदार बारा महिन्यांचा हिशेब मागतोच, आणि साइटवर किती वाचक आले ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये त्याला फक्त पाहण्यापुरता प्रवेश देता येतो, पासवर्ड देण्याची गरज नसते. ॲनालिटिक्सची जुनी पद्धत १ जुलै २०२३ रोजी थांबली. तेव्हाचे आकडे ज्यांनी उतरवून ठेवले नाहीत, त्यांना ते आता मिळत नाहीत. आमचेही गेले. ॲडसेन्सचे, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे खाते तर विकताच येत नाही, नव्या मालकाला स्वतःचेच जोडावे लागते. वाचकांचे मोबाईल नंबरही सौद्यात टाकू नयेत असे माझे मत आहे, कारण त्यांनी ते संत्र्याच्या माहितीसाठी दिले होते, विक्रीसाठी नव्हे.

पैशांचे म्हणाल, तर वेबसाइटच्या खरेदी-विक्रीच्या फ्लिपासारख्या ऑनलाइन बाजारात दलाली जाते, पण एस्क्रोची सोय मिळते: रक्कम आधी तिसऱ्याकडे जमा होते, खरेदीदार साइट ताब्यात घेऊन तपासतो आणि मगच ती आपल्या खात्यात येते. याउलट, आमच्या पहिल्या जाहिरातीनंतर दोनच दिवसांत एकाने ‘इसार पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड धाडला आणि यूपीआय पिन टाकायला सांगितले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. अशात पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

आज तालुक्याच्या गावी कृषी केंद्रांपासून मंगल कार्यालयांपर्यंत अनेकजण वेबसाइट बनवून घेत आहेत. त्यांनी विक्रीचा विचार करेपर्यंत थांबू नये. डोमेनच्या खात्यात आजच जाऊन नाव, ईमेल आणि मोबाईल कोणाचा आहे ते पाहावे, आणि ते खाते उघडताच येत नसेल, तर बनवून देणाऱ्याशी संबंध गोड आहेत तोवरच ते मागून घ्यावे.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरुड, जि. अमरावती