घरोघरीच्या मोडी दप्तरांसाठी जतन-निधी द्यावा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर 19 रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, आहेत. आमच्याकडे कुलकर्णी वतन (गावचे हिशेब लिहिण्याचे वंशपरंपरागत काम) होते, त्यामुळे गावचे जमाखर्च, महजर (साक्षीदारांसमोर झालेल्या निवाड्यांचे लेख), वाटणीपत्रे, काही सनदा (हक्क दिल्याची सरकारी पत्रे) असे मोडी लिपीतले कागद पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले. गेल्या पावसाळ्यात कौले सरकली आणि 4 रुमाल भिजले. त्यांतला एक उघडला तेव्हा आतल्या कागदांची अक्षरशः वीट झाली होती. कसरीने वरच्या कागदाला पाडलेले भोक थेट तळापर्यंत गेले होते. एका महजराच्या शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या, म्हणजे सहीच्या जागी काढलेली चिन्हे, होत्या. पाटलाचा नांगर स्पष्ट दिसत होता, न्हाव्याचा आरसा अर्धाच उरला होता आणि त्याखालची शाई पाण्याने पसरली होती.

हे कागद वाचवता येतात, पण ते काम घरच्या माणसाचे नाही. प्रत्येक कागद सोडवायचा, ब्रशने साफ करायचा, कीड मारायची, मग पातळ जपानी टिश्यू कागद गव्हाच्या खळीने लावून फाटका भाग सांधायचा, असे ते संथ आणि खर्चिक काम आहे. मला सांगण्यात आलेला खर्च माझ्या वर्षभराच्या शेतीच्या उत्पन्नाहून जास्त होता. ज्यांना तो झेपत नाही, ते सेलोटेप लावतात किंवा बाजारात जाऊन लॅमिनेशन करून आणतात. तसे करून घेतलेल्या सनदा मी पाहिल्या आहेत. उष्णतेने वितळलेले ते प्लास्टिक एकदा कागदाला धरले, की कागदाला इजा न करता निघणे जवळजवळ अशक्य असते. अज्ञानापेक्षा पैशाच्या अभावी हे अधिक घडते, असे मला वाटते.

मदतीसाठी मी दोन कार्यालयांत गेलो. दोन्हीकडे आपुलकीने ऐकून घेतले आणि उत्तर एकच दिले: कागद खासगी मालकीचे आहेत, आधी ते संस्थेच्या नावे करा. जुन्या हस्तलिखितांच्या जतनासाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या (2025 पासून ‘ज्ञान भारतम्’) व्याख्येनेही आमच्यासारख्यांची वाट अडली, कारण तिने ज्ञानविषयक मजकुरालाच हस्तलिखित मानून फर्माने आणि महसुली कागद त्यापासून वेगळे ठेवले होते. गावाचा जमाखर्च म्हणजे त्या गावाचे ज्ञान नव्हे, असे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. दुसरीकडे 1972 च्या पुरावशेष कायद्याने ऐतिहासिक मोलाचे 75 वर्षांहून जुने हस्तलिखित हा पुरावशेष (कायद्याने संरक्षित जुनी वस्तू) ठरतो आणि तो परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. मात्र बंधन घालताना ज्या वस्तूला राष्ट्राची ठेव मानले जाते, ती दुरुस्तीची वेळ आली की एका कुटुंबाची खासगी बाब कशी होते?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतच्या काळची पत्रे वाईच्या एका घरात मिळाली होती. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी शासनाला मोडी वाचणारे शोधावे लागले, तेव्हा या जुन्या कागदांची गरज पुन्हा सर्वांना कळली.

माझी मागणी मर्यादित आहे. राज्याची जुनी कागदपत्रे सांभाळणाऱ्या पुराभिलेख संचालनालयामार्फत खासगी दप्तरांसाठी स्वतंत्र जतन-निधी उभारावा. मूळ कागद मालकाच्या घरीच राहावेत, दुरुस्तीचा काही वाटा मालकाने उचलावा, आणि अनुदानाच्या बदल्यात शासनाला संपूर्ण डिजिटल प्रत व अभ्यासकांना पाहण्याची मुभा मिळावी. अनुदान घेतलेले कागद ठरावीक वर्षे विकता येणार नाहीत, ही अटही मला मान्य आहे. मालकी सोडण्याची अट मात्र घालू नये. नोंद केली की सरकार कागद घेऊन जाईल, या भीतीने कित्येक जण रुमाल असल्याचेच सांगत नाहीत.

पैशांसाठी केवळ अर्थसंकल्पाकडेच पाहावे लागेल असे नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृतीचे रक्षण हे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे (सीएसआर) काम मानले आहे. कंपनी एखाद्या घराला पैसे देणार नाही. विश्वासार्ह संस्थेमार्फत चाललेल्या कामाला देऊ शकेल. म्हणून निधीची रचना करताना पात्र संस्थांना त्यात आधीपासूनच सामील करून घ्यावे.

भिजलेले 4 रुमाल मी सध्या उघडून सावलीत, हवेशीर खोलीत ठेवले आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांना हात लागला नाही, तर तो नांगरही उरणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक दप्तरदार