सही येते, पण कागद वाचता येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र सरकारचा ‘उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम’ २०२२ पासून सुरू असून महाराष्ट्रात त्याची पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण असलेल्या या चाचणीला साठी उलटलेल्या आयाबायाही बसल्या, याचा कोणालाही आनंदच व्हावा. तरीही खान्देशातील, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील व्यवहार जवळून पाहिल्यामुळे एक गोष्ट मांडणे मला आवश्यक वाटते. शासनाची व्याख्या काहीही असो, गावात साक्षरतेचे माप अजून सहीपाशीच अडकलेले आहे. ज्याला सही येते तो शिकलेला समजला जातो. त्याला स्वतःचा कागद स्वतः वाचता येतो का, हे सहसा कोणी विचारत नाही.

जनगणनेची व्याख्या वास्तविक कडक आहे. सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, तीच साक्षर. परंतु प्रगणक दारात येतो तेव्हा तो कोणाला चार ओळी वाचायला देत नाही. तो विचारतो आणि घरातला कर्ता माणूस सर्वांच्या वतीने सांगून मोकळा होतो. अशा मोजणीतही २०११ साली राज्याचा साक्षरता दर ८२ टक्क्यांच्या वर असताना नंदुरबार जिल्ह्याचा ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होता.

माझी नोकरी बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये झाली. तिथे जे सतत दिसले ते असे, की अंगठा उठवणाऱ्या खातेदारापेक्षा नुसती सही शिकलेला खातेदार अधिक अडचणीत असतो. अंगठा असेल तर खातेदाराला समक्ष यावे लागते, ओळख पटवावी लागते आणि पैसे देणारा कर्मचारी रक्कम मोठ्याने सांगतो. सही असली की हे सारे संपते, कारण ज्याने सही केली त्याने मजकूर वाचला, असे सगळेच गृहीत धरतात. पैसे काढण्याची स्लिप रांगेतला कोणी तरी भरून देतो, त्यात अक्षरी आणि अंकी रक्कम कोणती लिहिली हे खातेदाराला समजत नाही, आणि तो खाली वळणदार सही करून मोकळा होतो. जामीनदाराचीही तीच गत. शेजाऱ्याच्या कर्जाला ‘फक्त साक्षीची सही’ म्हणून केलेली सही जामिनाची होती, हे नोटीस घरी आल्यावरच कळते आणि तीही वाचून घ्यायला दुसऱ्याकडेच न्यावी लागते.

ऊसतोडीच्या व्यवहारात तर याची किंमत अख्ख्या हंगामाने मोजावी लागते. नंदुरबार, साक्री, चाळीसगाव भागातून दिवाळीच्या आगेमागे कोयत्याच्या जोड्या दक्षिण गुजरातच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यावर मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. मधल्या काळात धान्य आणि खर्चासाठी खावटी मिळते, तोडलेल्या उसाची टनामागे मजुरी जमा होते आणि होळीनंतर केव्हा तरी हिशेब होतो. हा सगळा हिशेब मुकादमाच्या डायरीत असतो. उचल किती, खावटी कोणत्या तारखेला किती, टन किती भरले, हे मजुराला डोक्यात ठेवावे लागते आणि डायरीत त्याच्या अंगावर बाकी निघाली तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाबरोबर जावे लागते. सगळेच मुकादम लबाड असतात असे मी म्हणत नाही. प्रामाणिक मुकादमालाही हेच ऐकावे लागते की आमचा हिशेब चुकला. मजुराकडे स्वतःची दोन रुपयांची वही असेल आणि तिच्यात तारीख, टन आणि उचल एवढे तीनच रकाने त्याने भरलेले असतील, तर बोलण्याला आधार येतो. साक्षरतेच्या वर्गाने यापेक्षा मोठे काही शिकवावे असे मला वाटत नाही.

शेतीतही आता अक्षराशिवाय पाऊल टाकता येत नाही. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सातबाऱ्यासाठीची नोंद, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. ज्याला ती येत नाही तो गावातल्या पोराला सांगतो. पोराने गट क्रमांक चुकवला किंवा कपाशीऐवजी मका टाकला, तर ती चूक सातबाऱ्यावर येते आणि नुकसानभरपाईच्या वेळी शेतकऱ्यालाच भोवते. कापूस फवारणीचे औषध घ्या. डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो. पण पंपाला किती मिली घ्यायचे हे बारीक अक्षरांच्या घडीपत्रकातच असते. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती आणि सगळा दोष निरक्षरतेवर ढकलणे अन्यायाचे होईल, परंतु ज्याच्या पाठीवर पंप असतो त्यालाच डब्यावरचा इशारा वाचता येऊ नये, ही स्थिती धोक्याची आहे यात शंका नाही.

यावर आमच्याकडे एक उत्तर ठरलेले असते: बहिणाबाई कुठे शिकल्या होत्या? असोद्याच्या या लेकीचा सर्वांना अभिमान आहे आणि जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण हे उत्तर देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. बहिणाबाई जे बोलत आणि गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि घरच्या नातलगाने उतरून घेतले म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतरही कविता उरल्या. जे उतरून घेतले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या पिढीतल्या ज्या बायकांच्या घरात लिहिणारे कोणी नव्हते, त्यांचे काय गेले याची मोजदादही आपल्याला करता येणार नाही. निरक्षर माणूस शहाणा असू शकतो. त्या शहाणपणाचा उपयोग निरक्षरतेचे समर्थन करण्यासाठी करू नये.

मुलांच्या शिक्षणाशी याचा थेट संबंध आहे. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे. धडगाव-अक्कलकुवा-नवापूर भागात घरी पावरी, भिली किंवा मावची बोलणारे मूल पहिलीत एकदम प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर बसते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाचीही थोडीफार ओढाताण होते, पण त्याला अंदाजाने तरी अर्थ लागतो. पावरी मुलाला तेवढाही आधार नसतो. ते अक्षरे जोडून वाचते, अर्थ लागत नाही, आणि पालक ऊसतोडीला निघाले की शाळाच सुटते. घरात आईला वाचता येत असेल तर निदान ऊसतोडीच्या मुक्कामी, पालावर, पुस्तक उघडले जाते.

म्हणून धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे, की प्रौढांच्या वर्गात नेहमीच्या प्रवेशिकेबरोबर लोकांचे खरे कागद शिकवण्यासाठी वापरावेत: पैसे काढण्याची स्लिप, गावात येऊन होणाऱ्या कापसाच्या खेडा खरेदीची वजनचिठ्ठी, औषधाचे घडीपत्रक, सातबारा आणि उचलीची वही. स्वयंसेवक बोली जाणणारा असावा. बँका, तलाठी कार्यालये आणि सोसायट्या यांनी सही घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवण्याची पद्धत अंगठ्याप्रमाणेच सहीलाही लावावी.

आणि चाचणी मार्चमध्ये घेतली, तर ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे ते कोयतेवाले त्या वेळी गावात नसतात. त्यांच्यासाठी वर्ग जूनमध्ये सुरू करून चाचणी दसऱ्यापूर्वी उरकावी, आणि जी कुटुंबे त्याआधीच निघतात त्यांची नावे यादीतून वगळू नयेत. पालांवर वर्ग चालवण्यासाठी संबंधित कारखान्यांशी आणि गुजरातच्या शिक्षण खात्याशी आताच पत्रव्यवहार सुरू करावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
ता. शहादा, जि. नंदुरबार