बेबीस पत्र

चि. बेबीस,
प्रभूमध्ये सलाम.

तुला मलेरिया होऊन गेला, हे आम्हाला मामीकडून कळलं. तिला कुणी सांगितलं, ते ती सांगत नाही. त्याच आठवड्यात तू ‘रेंज नाही’ म्हणून कॅमेरा बंद ठेवून बोललीस. आई तेव्हाच म्हणाली, पोरीचा आवाज ओढल्यासारखा येतोय. मी म्हटलं, नेटवर्क असेल.

रागवायला लिहीत नाही. तू नर्स, मिरजेला शिकलेली; तापातलं मला काय कळतं? तरी विचारतो. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचतेस ना? गोळ्यांचा कोर्स पुरा केलास, की दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या कुणा पेशंटला देऊन टाकल्यास? तू देशील. तुला मी ओळखतो.

परवा पाळकसाहेबांनी उपासनेत तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. मागच्या बाकावरच्या मावश्या वळून वळून आमच्याकडे बघत होत्या. आई पदराशी चाळा करत बसली. मी आपला सरळ समोर बघत होतो, पण कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला सांगू. मिशनरी डॉ. वानलेस समुद्रापलीकडून आले, 1894 साली मिरजेला दवाखाना उघडला, आणि त्याच मिरजेत शिकलेली आपली पोर आता झांबियात.

आणि आपल्या नाशिकच्या शरणपुरातून तिकडे गेलेली तू पहिली नाहीस. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 साली आताच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात तो मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबनं, आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. बाकीचा देह सुकवून, सालीत गुंडाळून त्या माणसांनी कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला. हे तुला संडे स्कूलमध्ये मीच सांगितलं होतं. तेव्हा तू विचारलंस, ‘पप्पा, त्याला औषध का नाही दिलं?’ औषधांची पेटीच 1867 मध्ये पळालेल्या हमालांबरोबर गेली होती, बाळा. तुझ्याकडे तर आख्खा दवाखाना आहे.

लिव्हिंगस्टनची बायको मेरी झांबेझीकाठी तापानंच गेली, 27 एप्रिल 1862. आई म्हणत होती, हे लिहू नका. आणि त्याच्या डायरीतली शेवटची नोंदही 27 एप्रिलचीच, अकरा वर्षांनंतरची. अगदी गळून गेलोय, इथंच थांबलोय, दुभत्या शेळ्या विकत आणायला माणसं पाठवलीत, असं काहीतरी. त्यानं निदान डायरीत तरी लिहिलं! तू तेवढंही कळवत नाहीस.

झालं माझं प्रवचन सुरू. माफ कर. तापाचं काढायचंच नाही, असं ठरवून बसलो होतो.

पण तू लहानपणापासूनची अशीच. नाताळच्या नाटकात देवदूत व्हायचं होतं म्हणून अंगात ताप असताना आईनं हात लावायच्या आधी माठाला कपाळ टेकून आलीस. कपाळ गार, कान मात्र लालभडक. पंख लावून उभी राहिलीस, ‘भिऊ नका’ एवढं एकच वाक्य होतं तुला, ते खणखणीत म्हणालीस आणि पडदा पडल्यावर मेंढपाळाच्या अंगावर ओकलीस. त्या मेंढपाळाचं लग्न आहे मे महिन्यात. पत्रिका आलीय.

परत ये असं मी म्हणणार नाही. आई म्हणते, तिचं ती बघेल. तिकडे चार बायकांची बाळंतपणं एका रात्रीत केल्याचं तू सांगितलंस, ते मी दुकानात, बँकेत, सगळीकडे सांगून झालंय.

शेवग्याची पूड आणि लोणचं कुणाबरोबर पाठवता येईल ते कळव. आणि तिथल्या मेट्रनबाईंचा नंबर पाठव. मी उगाच फोन करणार नाही. महिन्यातून एकदाच करीन, आणि इंग्रजीचं मी बघून घेईन.

तुझे,
पप्पा