देवगिरीच्या चाचांस

प्रिय चाचा,

सलाम. दौलताबादला, म्हणजे जुन्या देवगिरीला, आमच्या सातवीच्या लेकरांना तुम्ही किल्ला दाखवलात, त्याचे आभार मानायला हे पत्र. चारचौघांत लिहितेय, म्हणजे सहल नेणाऱ्या इतर शिक्षकांच्याही कानावर जाईल.

एरवी लेकरं आत शिरली की तोफांकडे धावतात. तुम्ही त्यांना महाकोट नावाच्या तटबंदीच्या दरवाजाबाहेरच अडवलंत आणि म्हणालात, "आता तुम्ही दुश्मन. या आत, बघू कसे येता!" मग दारावरचे टोकदार खिळे कशाला, आत पाऊल टाकताच वाट का वळते, याची उत्तरं त्यांनीच शोधली. "हत्तीला धावत यायला जागाच नाही, मॅडम!" एकजण ओरडला.

देवड्यांत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या पहाऱ्याच्या खोल्यांत, तुम्ही सगळ्यांना बसवलंत. पहारेकरी रात्र कशी काढत असतील, पावसाळ्यात शेकोटी कुठे पेटवत असतील, यावर किती बोललात! अडसराचं भोक तर लेकरं अजून विसरलेली नाहीत. एका मुलीचा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी टोक लागेना. तेवढं लांब लाकूड दिवसा भिंतीत सरकवून ठेवायचं आणि तिन्हीसांजेला ओढून दारामागे आडवं करायचं. कुठल्याच धड्यात हे नाही.

चिनी महालात भिंतीवर उरलेले निळे-पांढरे तुकडे दाखवलेत. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान तानाशाह इथेच कैदेत राहिला, हे ऐकून वर्ग गप्पच झाला.

पुढे कातळात खोदलेला खंदक, त्यावर उभा तासलेला कडा. पाणी वाढवलं की जुना पूल बुडायचा, हे तुम्ही पुलावर उभं करूनच समजावलंत. आणि अंधारी, कातळातून वर जाणारी ती काळोखी भुयारी वाट! पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या, वटवाघळांचा उग्र वास, वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर जाळ केला की धुरानं वाट बंद. आमची एक मुलगी मधेच घाबरून खाली बसली. तुम्ही मागे फिरलात, तिचा हात धरलात. "बेटा, पायऱ्या मी सांगतो, तू फक्त पाय टाक." ती वरच्या बारादरी महालापर्यंत चढली, चाचा. त्यासाठी तिच्या आईनंही तुम्हाला दुवा दिल्यात.

असा बेलाग गड असूनही 1296 मध्ये इथल्या यादव राजाला, रामदेवरायाला, अल्लाउद्दीन खिलजीशी तह करावा लागला. कोठारात धान्य म्हणून भरलेली पोती मिठाची निघाली, ही कथा तुम्ही सांगितलीत आणि लेकरांनी कोठार दाखवा म्हणून धोसरा धरला. लढाईचं सोडून कोठाराची चौकशी करणारा वर्ग मला तुमच्यामुळे मिळाला.

यंदा दिवाळीत शाळेच्या अंगणात त्यांनी देवगिरी केला. मावळे मांडायच्या आधी खंदक खणला, दरवाजा वाकड्या वाटेवर बसवला, आत चिखलाच्या देवड्या केल्या. फोटो पाठवतेय. जानेवारीत पुढची तुकडी आणतेय; त्यांनाही दरवाजाबाहेरच अडवा.

तुमची,
सातवीची वर्गशिक्षिका