पळवाट म्हणालो ते

चोपडा,
शनिवार, रात्री

चि. माईस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास. तेव्हापासून आजी रोज विचारते, ‘पोर जेवनी का?’ मी हो म्हणून मोकळा होतो. जेवतेस ना?

‘संशोधनासाठी आता सोपं मॉडेल घेतलंय’ असं तू म्हणालीस आणि माझ्या तोंडून ‘पळवाट’ निघून गेलं. इतकी वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, जिभेला लगाम घालायचं तेवढं राहिलं.

मग दिवाळीत तू मागे ठेवलेली वही काढली. सचदेव आणि ये या भौतिकशास्त्रज्ञांचं 1993 चं मॉडेल, कितायेवने 2015 मध्ये नव्या रूपात मांडलेलं. कोणतेही चार कण एकमेकांशी बांधलेले, आणि प्रत्येक चौकडीची ओढ जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेली. 40 मायोराना, म्हणजे स्वतःच स्वतःचे प्रतिकण असलेले कण, घेतले तर चौकड्या किती? पेन्सिलीने केलं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा 91,390 आलं. सगळ्यांच्या मिळून शक्य अवस्था 2 चा 20 वा घात, म्हणजे 10,48,576. एवढं सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं म्हणजे माणूस झोपणार कधी?

तू बहुतेक चौकड्या गाळून टाकतेस, नाहीतर मायोरानाच्या जागी साधे स्पिन (वर-खाली अशा दोनच अवस्थांचे, इवल्या चुंबकांसारखे) बसवतेस, आणि तरी केऑस, म्हणजे कणांचा तो सगळा गोंधळ, उरतो का ते तपासतेस. शेजारच्या ऊर्जापातळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, अंतर राखतात, ही त्याची खूण. (आपल्या दोघांसारखंच म्हणायचं.) मोजक्याच चौकड्या ठेवल्या तरी ही खूण पुसत नाही, हे वाचून मी वही मिटून अंगणात जाऊन बसलो. यात पळवाट कुठली!

सातवीत असताना केळीची पिलं, बुंध्याशी फुटणारे कोंब, कापायला आलीस, आठवतं? विळा हातात मिळाल्यावर तू चार ओळी साफ केल्यास. खोडव्यासाठी, म्हणजे पुढच्या पिकासाठी, एक पील राखायचं असतं, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आजीने गल्ली डोक्यावर घेतली, तू मात्र उलट विचारलंस, ‘एकच का? किती कापली तर चालतात?’ आजही तेच विचारतेयस, फक्त बेंगळुरूला बसून.

पण रात्री दोन-दोन वाजता मेसेज करतेस, ते बरं नाही. डोकं शाबूत तर गणित. वेळेवर झोपावं, सकाळी चालावं, चहावर दिवस काढू नये… झालं, पुन्हा वर्ग सुरू केला. चुकलो. नंदूकाकाही असाच जागायचा, आणि आम्ही सगळे ‘हुशार आहे’ म्हणत राहिलो. तेवढं मनातून जात नाही, बस.

भरिताची वांगी निघायला लागलीत. दादाच्या हाती कळण्याचं पीठ पाठवतोय. भाकरी थापायला वेळ नसेल तर ज्वारीच्या पिठासारखी भिजवून धिरडी घाल, पण उपाशी झोपू नकोस.

तुझा,
आप्पा

ता. क. 91,390 बरोबर आहे ना? लिहून कळवू नकोस, फोन कर.