संरक्षणशास्त्र आहे, सैनिक कुठे आहे? : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

आपल्या विद्यापीठांत संरक्षणशास्त्र शिकवले जाते, त्यात युद्धनीती, सीमाप्रश्न, अण्वस्त्रे असे बरेच काही असते. सैनिक मात्र अभावानेच भेटतो. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून पिढ्यान्‌पिढ्या मुले पलटणीत का जातात, पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून ऐन चाळिशीच्या आत पेन्शनवर आलेल्या माणसाला गावात कोणते काम मिळते, आणि तो सीमेवर असताना शेत, सासर आणि मुलांच्या शाळा त्याच्या पत्नीने कशा सांभाळल्या, हे प्रश्न इतिहासाचे, समाजशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे आहेत. तरी त्यांना हक्काचा विभाग नाही.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, तिथल्या कुत-अल-अमारा शहराच्या वेढ्यातही सापडल्या. त्या काळच्या हिंदी शिपायांचे मन आज कळते ते बरेचसे लंडनमध्ये जपलेल्या, सेन्सॉरने उतरवून घेतलेल्या पत्रांतून, आणि बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या युद्धकैद्यांच्या ध्वनिमुद्रणांतून. (सेन्सॉरचे आभार मानायची वेळ यावी, हे विचित्रच.) अमेरिकेने सन 2000 मध्ये कायदा करून तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयात माजी सैनिकांच्या आठवणींचा संग्रह सुरू केला. आपल्याकडे 1971 च्या युद्धातला सर्वांत तरुण जवानही आता सत्तरी ओलांडून गेला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक (क्रेडिट) दिलेच आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या मदतीने माजी सैनिक व वीरपत्नींच्या मुलाखती, त्यांच्या बोलीतच, नोंदवण्याचा प्रकल्प त्यांत बसू शकतो. मात्र मुलाखतीचे प्रशिक्षण आधी हवे. ‘तुमच्या शौर्याबद्दल सांगा’ म्हटले की बहुतेक जण दोन वाक्यांत आटोपतात. पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली काळी ट्रंक उघडायला सांगितली, तर बोलणे तासभर चालते. संमती, शासकीय गुपिते कायद्याची मर्यादा आणि जुन्या जखमा उकरल्या गेल्यास समुपदेशनाची सोय, हे नियम विद्यापीठाने लेखी ठरवावेत. सत्कार समारंभाच्या धर्तीवर हे काम होऊ नये, ही विशेष विनंती.

अग्निपथ योजनेतून दाखल झालेल्या तरुणांपैकी चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के सैन्यात कायम होतील. बाकीचे पंचविशीच्या आसपास परततील आणि त्यांतले काही आपल्याच महाविद्यालयांत येतील. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ या योजनेतील जवानांना, म्हणजे अग्निवीरांना, सेवेतील प्रशिक्षणासाठी पदवीचे निम्मे श्रेयांक देते. राज्यातील विद्यापीठांनीही तशी सवलत द्यावी, आणि या विद्यार्थ्यांना वरील प्रकल्पात केवळ माहिती देणारे न मानता संशोधक म्हणून घ्यावे. पलटणीची भाषा त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

पुढील शैक्षणिक वर्षापासून निदान एका विद्यापीठात याची सुरुवात करण्याचे निर्देश आपण द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
इतिहासाचा एक प्राध्यापक